इतिहासाची पदवी, परदेशातला प्रवेश आणि 'पुढे काय?'

"मॅडम, ऑफर लेटर आलंय. पण घरी सगळे विचारतात, इतिहासात एम.ए. करून आल्यावर पुढे काय? आणि मला काही सांगताच येत नाही."

परदेशी शिक्षणाच्या सल्ल्यासाठी कला शाखेची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. कुणाचा विषय तत्त्वज्ञान असतो, कुणाचा साहित्य, धास्ती एकच. ही मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती नव्हती, सगळा खर्च शैक्षणिक कर्जातून करायचा होता आणि डिपॉझिट भरायची तारीख तोंडावर आली होती. आई सोबत आली होती. ती म्हणाली, "आमचा शिक्षणाला विरोध नाही हो. पण कर्ज फेडायचं कशातून, एवढं तरी कळू दे."

आईचा प्रश्न रास्त होता आणि मी तो मुलीसमोरच रास्त म्हटला. 'आवड असेल तर मार्ग सापडतो' असं सांगून मुलांना कर्जात उतरवणं मला पटत नाही. पण 'कला शाखेला स्कोप नाही' हेही मला तितकंच खोटं वाटतं. ही दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याने समोरच्या मुलाला रोज कोणतं काम करायचंय, हे विचारलेलंच नसतं.

मी तिचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे 'हा कोर्स का करायचाय' हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, वाचायला मागितलं. सुरुवात होती, 'मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे.' मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "प्रबंधिका लिहिताना कोणत्या कामात तुला वेळेचं भान राहत नव्हतं?"

ती जरा थांबली आणि मग बोलतच सुटली. एका जुन्या रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदवह्या तिने अभ्यासल्या होत्या. एकच आजार चार कारकुनांनी चार तऱ्हांनी लिहिलेला. तिने एक्सेलमध्ये तीन रकाने केले: पहिल्यात मूळ नोंद जशीच्या तशी, दुसऱ्यात आजाराचं ठरवून घेतलेलं एकच नाव आणि तिसऱ्यात ते नाव का ठरवलं त्याचं कारण. अक्षर लागलं नाही तिथे अंदाजाने काही भरलं नव्हतं. प्रश्नचिन्ह आणि पानाचा क्रमांक टाकला होता. आई म्हणाली, "रात्र रात्र त्या वह्यांचे फोटो मोठे करून बघत बसायची."

यातलं एक अक्षरही त्या स्टेटमेंटमध्ये नव्हतं! तिला ते 'नुसतं डेटा भरणं' वाटत होतं. मी तिला सांगितलं, मूळ नोंद न बिघडवता ती शोधता येईल अशी मांडणं, यालाच मेटाडेटाचं काम म्हणतात. अभिलेखागारं (जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्था), संग्रहालयं, मोठी ग्रंथालयं, विद्यापीठांचे डिजिटल प्रकल्प या कामासाठी माणसं नेमतात. ट्रान्सक्रिबससारखं सॉफ्टवेअर जुनं हस्ताक्षर वाचायला मदत करतं, पण त्याला शिकवायला आणि त्याच्या चुका पकडायला तिच्यासारखंच कुणीतरी लागतं.

मग प्रश्न उरला, हातातला एम.ए. तिला या कामाकडे नेतो का? आम्ही विषयांची यादी उघडून बसलो. चर्चासत्रं आणि सिद्धान्त भरपूर होते. जुनी हस्ताक्षरं वाचायचं प्रशिक्षण किंवा अभिलेख व्यवस्थापन कुठेच नव्हतं. कोर्स चांगला होता. पीएच.डी. करून शिकवायचं ठरवलेल्या मुलाला मी तो आनंदाने सुचवला असता. हिला मात्र अभिलेखशास्त्राचा, म्हणजे जुनी कागदपत्रं जपण्याचा आणि लावण्याचा, व्यावसायिक कोर्स जवळचा होता. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, ग्लासगो अशा ठिकाणी तो आहे आणि डंडी विद्यापीठ तो दूरस्थ पद्धतीनेही देतं. यातले काही कोर्स प्रवेशाआधी प्रत्यक्ष अनुभव पाहतात. तोच तिच्याकडे नव्हता.

व्हिसाचं गणित मी आईसमोरच मांडलं, कारण कर्जाची भिस्त त्यावर असते. ब्रिटनमध्ये एम.ए.नंतर नोकरी शोधायला दोन वर्षं राहता यायचं. १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. अमेरिकेत पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची असते आणि वरचे २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना मिळतात. ते ठरतं कोर्सच्या सीआयपी कोडवर, म्हणजे तिथल्या सरकारी विषय-वर्गीकरणातल्या क्रमांकावर, त्यामुळे डिजिटल ह्युमॅनिटीजसारख्या (संगणकाच्या मदतीने मानव्यविद्येचा अभ्यास) कोर्सला अर्ज करताना कोड आधी विचारून घ्यावा. कोर्सच्या भपकेदार नावाला इथे काही अर्थ नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण मानव्यविद्येचे बरेचसे वर्ग जर्मन भाषेत चालतात. भाषा शिकायची तयारी नसेल तर शुल्कमाफीच्या मोहात पडू नये.

शिष्यवृत्त्यांचंही तसंच. इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या, अनेक विद्यापीठांनी मिळून दिलेल्या संयुक्त पदव्यांसाठी शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि दरमहा १४०० युरो मिळतात. मानव्यविद्येचेही कोर्स त्यात आहेत. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. म्हणजे घाईने गेलं असतं, तर जी शिष्यवृत्ती तिला पुढे मिळू शकली असती, तिच्यातून होऊ शकणारा एम.ए. ही मुलगी आधीच कर्ज काढून करून बसली असती.

प्राध्यापक व्हायचं पक्कं असलेल्यांनाही एक सांगते. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत मानव्यविद्येच्या पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, बी.ए.नंतरही थेट अर्ज करता येतो. जागा मोजक्या, वर्षं जास्त आणि शेवटी प्राध्यापकाची नोकरी मिळेलच असं नाही. तिथे तुमचा रायटिंग सॅम्पल, म्हणजे अर्जासोबतचा लेखनाचा नमुना, फार बारकाईने वाचतात. स्वखर्चाने एम.ए. करण्याआधी हा रस्ता तपासलाच पाहिजे.

"म्हणजे जाऊच नको का?" तिने विचारलं. डोळे भरले होते. प्रवेशाची बातमी तिने सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकली होती, आणि त्या वयात 'यंदा नाही' म्हणणं हरल्यासारखं वाटतं. मी तिला पुन्हा त्या तीन रकान्यांकडे आणलं. "हे काम वर्षभर, रोज आठ तास, दुसऱ्याच्या हाताखाली करून बघायची तयारी आहे?" क्षणभरही न थांबता ती "हो" म्हणाली.

डिपॉझिट भरण्याआधी तिने विद्यापीठाला ईमेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, ते विचारलं. त्यांनी मान्य केलं, त्यामुळे तो दरवाजाही उघडा राहिला. सध्या ती एका ग्रंथालयाच्या डिजिटायझेशन प्रकल्पात कमी मानधनावर काम करते आहे आणि अभिलेखशास्त्राच्या दोन कोर्सना व एका इरॅस्मस मुंडस पदवीला अर्ज करते आहे. नव्या स्टेटमेंटची सुरुवात त्या नोंदवहीतल्या न लागलेल्या अक्षरापासून आहे. आईने मला एवढंच विचारलं, "यंदा नाही जमलं तर?" तर हातात एक वर्षाचा अनुभव आणि डोक्यावर शून्य कर्ज असेल, असं मी सांगितलं. त्यावर ती दुसऱ्या वर्षीच्या अर्जांच्या तारखा लिहून घेऊन गेली.