तारली कुठे जाते?

प्रश्न : मालवणात एखाद्या वर्षी तारली (सार्डिन मासळी) ढिगानं येते, मग गायबच. समुद्र तापल्यामुळे का?

उत्तर : बऱ्याच अंशी, हो. पण उष्म्यानं आधी तुटतं ते तिचं अन्न. पावसाळी वाऱ्यांनी किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि खालचं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात; तारलीचं पोट चिरलंत तर तोच हिरवट लगदा दिसेल. वरचा थर फार तापला की हलका होऊन झाकणासारखा बसतो, खालचं पाणी वर येतच नाही. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन! पिल्लांची बेसुमार मासेमारीही याला जबाबदार आहे. म्हणून १० सेंटीमीटरहून लहान तारली कृपया विकत घेऊ नका.