मिक्सर बंद, संत्र हाताने: घरच्या कॉकटेलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी कॉकटेल या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि वाटलं होतं चार-पाच येतील, तर राजेहो, तुम्ही अर्धा नागपूर पाठवला. सगळे घेणं शक्य नाही. "कोणत्या मूडला कोणती दारू" असं बऱ्याच जणांनी विचारलंय, पण मला विचाराल तर आधी बाहेरचं टेम्परेचर बघा, मग ताटात काय आहे ते बघा, बाटलीचा नंबर तिसरा.

ताई, डिसेंबरात मित्र येणार म्हणून दुपारीच दोन डझन संत्री सोलून मिक्सरमधून काढली, जग भरून ज्यूस फ्रिजमध्ये ठेवला, संध्याकाळी व्होडका टाकली तर सगळं कडू जहर. संत्री गोड होती, मी स्वतः खाऊन पाहिली होती. व्होडका खराब होती का? — मनीषनगर

व्होडकाला दोष देऊ नका बिचारीला. हे आपल्या संत्र्याचंच काम आहे. संत्र्याच्या आतल्या पडद्यात आणि बियांमध्ये लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो, फळ अख्खं असताना तो कडू रूपात नसतो, रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू, काही तासांत, तो कडू होत जातो. म्हणून पहिला घोट गोड आणि संध्याकाळचा कडू. त्यात तुम्ही मिक्सर लावला म्हणजे बिया आणि पडदे पार भरडून टाकले. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणं इतकं सोपं का नाही याचं हे एक मोठं कारण आहे, तर तुमच्या फ्रिजची काय कथा.

आता उपाय. संत्र आडवं कापा, हाताने किंवा काचेच्या साध्या पिळणीवर पिळा, जोर लावून शेवटचा थेंब काढायला जाऊ नका, गाळा, आणि लगेच ग्लासात. पाहुणे बसल्यावरच पिळायचं. कोणाला तरी त्या कामाला बसवून द्या, गप्पा मारत मारत होऊन जातं.

दुसरं म्हणजे नुसती व्होडका आणि संत्र हे ड्रिंक मला तरी मिळमिळीत लागतं. लिंबाच्या रसात आंबटपणा साधारण ५ ते ६ टक्के असतो, संत्र्यात एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे संत्र हे गोडाच्या बाजूने मोजायचं, आंबटाच्या बाजूने नाही. एका ग्लासला ४५ मिली व्होडका, ९० मिली संत्र्याचा रस, १५ मिली लिंबू, दोन छोटे चमचे साखरेचा पाक (साखर आणि पाणी सारखं, विरघळवून) आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, कडवटपणा थोडा दबतो आणि संत्र्याची चव वर येते.

आणि सालं फेकू नका हो! आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, इतके महिने आपल्या घरात सालींचा ढीग असतो आणि खरा वास त्या सालीतच. सालं कोमट पाण्याने धुवा, कारण बाजारातल्या फळाला कधी कधी मेण लावलेलं असतं, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, आणि साखरेत चोळून झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी सुगंधी पाक सुटलेला असेल. तो गाळून फ्रिजमध्ये. साखरेच्या पाकाऐवजी हा घाला आणि मग मला पत्र लिहा.

मे महिन्यात संध्याकाळी सातलाही घरात कूलर फक्त गरम वारा फेकून राहिला असतो, तेव्हा बाहेर जायचा मूड नसतो, काहीतरी थंड हलकं पाहिजे. जिन-टॉनिक सोडून सांगा, ते पिऊन पिऊन कंटाळलो. — प्रतापनगर

टॉनिक सोडताय ते बरंच करताय. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं, सिंकोनाच्या सालीतून येणारं, मलेरियावरचं जुनं औषध, इंग्रज साहेब लोक इथे ते कडू औषध गळ्याखाली उतरावं म्हणून जिनमध्ये घालायचे. आजच्या बाटलीत क्विनाइन नावाला असतं आणि साखर मात्र भरपूर, मेच्या उन्हात ती साखर अजून तहान लावते.

मेमध्ये संत्र नसतं, पण कैरी असते. घरच्यासारखं पन्हं करा, कैरी उकडून, गूळ, जिरं, काळं मीठ, पण गूळ नेहमीपेक्षा कमी. उंच ग्लास बर्फाने गच्च भरा, ३० मिली जिन, ६० मिली पन्हं, वरून साधा सोडा, पुदिन्याची काडी हातावर आपटून घाला. जिन तीसच, साठ नाही. पेयाचा लांबपणा सोड्याने वाढवायचा, दारूने नाही. नवतपा सुरू असेल आणि दिवसभर बाहेर फिरून आला असाल तर आधी दोन ग्लास साधं पाणी किंवा लिंबू-साखर-मीठ, मग हे, कारण दारूने लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी अजून कमी होतं, आणि दुपारी तर बिलकुलच नको.

बर्फावर मात्र कंजुसी नको. ट्रेमधले चार बारके क्यूब पाच मिनिटांत विरघळतात आणि सगळं पाणचट. स्टीलच्या वाट्यांमध्ये पाणी गोठवा, मोठा गोळा हळू विरघळतो. नाक्यावरून लादी आणत असाल तर खाण्याचाच बर्फ आहे ना ते विचारा, निळसर दिसला तर तो मासळी वगैरे थंड ठेवण्यासाठीचा, ग्लासात जायचा नाही.

शेकर नाही. काय करू? — सदर

प्रोटीन पावडरचा डबा असेलच घरात कोणाचा तरी, स्वच्छ धुतलेला. नाहीतर घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि चहाची गाळणी. मापाला कफ सिरपचं टोपण, त्यावर मिली लिहिलेलं असतं. ज्यात रस आहे ते हलवायचं, ज्यात नुसतीच दारू आहे ते चमच्याने ढवळायचं, आणि सोडा घातलेलं काहीही हलवायचं नाही, नाहीतर भिंत रंगवावी लागेल.

रविवारी मित्रमंडळींची सावजी मटणाची पार्टी असते. सगळे व्हिस्की-सोडा घेऊन बसतात अन् दोन घासांत नाका-डोळ्यातून पाणी. सावजीसोबत जमेल असं एखादं कॉकटेल आहे का? — महाल

बाप्पा, सावजीवर व्हिस्की-सोडा म्हणजे आगीला वारा घालायचं काम. मिरचीतला कॅप्सायसिन जिभेवरचा जो उष्णतेचा रिसेप्टर चेतवतो, त्याच रिसेप्टरला अल्कोहोलही डिवचतं, आणि सोड्याचे बुडबुडे वरून अजून टोचतात. म्हणून दारू जितकी कडक तितका रस्सा जास्त झणझणीत लागतो. काहींना तेच पाहिजे असतं म्हणा, त्यांनी पुढचं वाचू नये.

तिखट खरं उतरतं दुधाने, दुधातलं केसीन कॅप्सायसिनला धरून नेतं. म्हणून माझं मत असं की कॉकटेल जेवणाआधी आणि जेवणासोबत ताक. जेवणाआधी काय, तर ४५ मिली डार्क रम, ६० मिली मोसंबीचा रस, १० मिली लिंबू, चमचाभर गुळाचा पाक, भरपूर बर्फ, बुडबुडे नाहीत. गोड-आंबट आणि मऊ. थंडाईत रम घालूनही भारी लागतं, होळीला तर हमखास, पण मटणासोबत दूध म्हटलं की घरातली आजी ग्लास उचलून नेईल, आणि तिच्याशी वाद घालायला मी येणार नाही.

ऑफिसात दिवस वाईट गेला, डोकं तापलेलं आहे, एकटाच घरी आहे. अशा मूडला काय बनवू? — हिंगणा रोड

चहा. खरंच सांगते, चहा, नाहीतर जेवण. वाईट दिवसासाठी रेसिपी मी देत नाही, कारण ती लागू पडली की दर वाईट दिवसाला लागते आणि ऑफिस तर रोज असतं. दारूने झोप लवकर लागते पण मध्यरात्री मोडते, सकाळी डोकं अजून तापलेलं. हे एखाद्या दिवसापुरतं नसेल, रोजचंच होऊन राहिलं असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कॉकटेल मित्र आले की बनवा.

भाचा बावीस वर्षांचा आहे, पार्टीत आमच्यासोबत रम घेतो म्हणतो. द्यायची का? — त्रिमूर्तीनगर

नाही. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ वर्षं पूर्ण लागतात. आणि मामांनो, परमिट तुमच्याकडे तरी आहे का?

आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस घरीच करतोय. बाबा एखादा पेग घेतात, आई आणि काकू अजिबात नाही, पण त्यांनाही ग्लास हातात धरून फोटोत छान दिसायचंय. सगळ्यांना एकसारखं दिसेल असं काय देऊ? — धरमपेठ

हा प्रश्न मला फार आवडला. साधारणपणे न पिणाऱ्यांच्या हातात आपण कोल्ड्रिंकचा प्लास्टिकचा ग्लास देतो आणि विसरून जातो. गोड सरबतात तो मोठ्यांच्या ड्रिंकचा तुरटपणा नसतो, तो आणायचा चहाच्या पत्तीतून. एक लिटर गार पाण्यात चार मोठे चमचे चहापत्ती घालून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा, उकळायचं नाही, गाळा. ग्लासात ९० मिली हा चहा, ३० मिली ताजं संत्र किंवा मोसंबी, १५ मिली लिंबू, तुमच्या सालीच्या पाकाचे दोन-तीन चमचे, सोडा, वर सालीचा तुकडा पिळून. रंग अगदी सोनेरी येतो. बाबांच्या ग्लासात त्यातच ३० मिली व्हिस्की.

फक्त एक करा, ज्यात दारू आहे त्या ग्लासांना वेगळी काडी किंवा वेगळं पान लावा आणि ट्रेही वेगळा ठेवा. "काकूला कळणारच नाही" असला चावटपणा कोणी करत असेल तर त्याला किचनमधून हाकला, काकूंची बीपीची-शुगरची गोळी तुम्हाला माहीत नसते.

गडचिरोलीकडचा मित्र मोहाची आणून देतो म्हणतो. घरची आहे, शुद्ध आहे. तिचं कॉकटेल चांगलं होईल का? — वाडी

होईल की नाही हा प्रश्नच येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, मित्राला अडचणीत टाकू नका, आणि अशा बाटलीत मिथेनॉल किती आहे हे ना तुम्हाला कळेल ना त्याला, ते वासाने, चवीने ओळखू येत नाही आणि डोळे जातात. मोहाची चव हवी असेल तर वाळलेली मोहफुलं आणा, नीट निवडून धुवा, पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवा, गाळा, थोडा गूळ घालून आटवा. मनुकांसारखा, किंचित धुरकट गोड पाक होतो. दुकानातल्या रमसोबत आणि लिंबासोबत हा पाक अप्रतिम जातो, नुसत्या सोड्यातही.

३१ डिसेंबरला गच्चीवर बारा जण. थंडी कडाक्याची असते, मी किचनमध्ये अडकून राहायचं नाही म्हणते. — बेसा

मग गरम करा, एकाच पातेल्यात. तीन लिटर पाणी, १०० ग्रॅम ठेचलेलं आलं, पाव किलो गूळ, सात-आठ लवंगा, दालचिनीचा तुकडा, वीस मिनिटं उकळा, शेवटी गॅस बंद करून दोन संत्र्यांची सालं टाका आणि झाका. हे सगळं संध्याकाळीच होतं, नंतर थर्मासमध्ये भरून वर न्या. कपात आधी ४५ मिली रम, चमचाभर लिंबू, वरून १२० मिली हे गरम पाणी. रम पातेल्यात उकळू नका, अल्कोहोल ७८ डिग्रीलाच उडायला लागतं, पैसे हवेत. माणशी दोन कप धरले तर ७५० मिलीच्या दीड बाटलीत भागतं, आणि न पिणाऱ्यांना तेच पाणी रमशिवाय, ते तसंही चांगलंच लागतं. शाली मात्र वर घेऊन जा, कारण रमने अंगात ऊब आल्यासारखी वाटते तेव्हा कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता बाहेर जात असते, आणि स्वेटर काढून फिरणारा एक तरी हिरो प्रत्येक गच्चीवर असतोच. लिंबं दहा-बारा लागतील, रस त्याच संध्याकाळी काढा, आदल्या दिवशीचा नको.