शाळेत ४० आयपॅड आहेत, अपडेट आलं की नेट ठप्प होतं. कॅशिंग सर्व्हर (अपडेट एकदाच उतरवून सगळ्यांना वाटणारं यंत्र) कसा लावू?

वेगळा सर्व्हर घेऊ नका. हाय सिएरा किंवा त्यापुढचं मॅकओएस असलेला एक मॅक पुरेल. मॅकच्या सेटिंग्जमध्ये जनरल, शेअरिंग (जुन्या मॅकओएसवर सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये शेअरिंग), तिथे कन्टेन्ट कॅशिंग चालू करा. पहिल्या आयपॅडने उतरवलेलं अपडेट मॅकवर साठतं, बाकीचे तिथूनच घेतात. आयपॅडवर काही करावं लागत नाही.

घोळ होतो तो दोन ब्रॉडबँड लाइन असल्या की. पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारे शाळेचे पत्ते, वेगवेगळे पडतात, आयपॅडना मॅक सापडत नाही. मग शाळेच्या डीएनएसमध्ये (नावावरून नेटवरचा पत्ता सांगणारी यादी) ते पत्ते सांगणारी टीएक्सटी रेकॉर्ड नावाची नोंद टाकावी लागते.

मॅक केबलनेच जोडा, झोपू देऊ नका. शनिवारी लॅबचा मेन स्विच बंद होतो का, तेही बघा. आमच्याकडे नेमकं तेच व्हायचं! अॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या कॅश टॅबमध्ये मॅकने किती डेटा वाटला ते दिसतं, महिन्यातून एकदा पाहत जा.