लांबच्या ओपीसी सर्व्हरला क्लायंट जोडताना

ओपीसी म्हणजे प्लँटमधल्या यंत्रांचा डेटा सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायची ठरलेली पद्धत. आधी बघ, सर्व्हर जुना ओपीसी डीए आहे की नवा ओपीसी यूए. डीए असेल तर सगळा खेळ डीकॉमचा, म्हणजे एका विंडोज मशीनवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामशी बोलायच्या यंत्रणेचा. त्याच मशीनवर क्लायंट छान चालतो आणि दुसऱ्या मशीनवरून 'ॲक्सेस डिनाइड' येतो, तेव्हा कोड उकरत बसू नकोस. बहुधा परवानग्यांचा घोळ असतो. नुसतं पोर्ट १३५ उघडून भागत नाही, पुढचं बोलणं बदलत्या पोर्टवर होतं. शिवाय मार्च २०२३ पासून विंडोजने डीकॉमची कडक सुरक्षा सक्तीची केली आहे. ऑथेंटिकेशनची पातळी 'पॅकेट इंटिग्रिटी'पेक्षा (डेटा वाटेत बदलला नाही ना, हे तपासणारी पातळी) कमी असेल, तर विनंती नाकारली जाते. लोक वैतागून फायरवॉलच बंद करतात. प्लँटमध्ये असला उद्योग नको.

यूए मिळत असेल तर डोळे झाकून तेच घे. एकच पोर्ट, बहुतेक ठिकाणी ४८४०. पहिल्यांदा तुझं सर्टिफिकेट नाकारलं जाईल. बऱ्याच सर्व्हरमध्ये ते 'रिजेक्टेड' फोल्डरमध्ये पडलेलं सापडतं, ते 'ट्रस्टेड'मध्ये हलवून घे. दोन्हीकडची घड्याळंही जुळव. आणखी एक हमखास अडचण: तू आयपी देतोस, पण सर्व्हर एंडपॉइंटमध्ये (जोडणीच्या पत्त्यात) स्वतःचं होस्टनेम परत पाठवतो आणि तुझ्या मशीनला ते ठाऊकच नसतं. तुझ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव आणि आयपी यांची एक ओळ टाकली की काम होतं.

टॅग (सर्व्हरवरचे एकेक आकडे, जसं तापमान) सारखे रीड करण्यापेक्षा सबस्क्रिप्शन घे, म्हणजे आकडा बदलला की सर्व्हरच कळवतो. स्टेटस कोड (आकडा भरवशाचा आहे की नाही ते सांगणारा) तपासल्याशिवाय आकडा स्क्रीनवर दाखवू नकोस. नाहीतर सेन्सरची वायर तुटली तरी जुनेच ७२ अंश दिसत राहतील आणि ऑपरेटर निवांत. राइटचा, म्हणजे सर्व्हरवर आकडा लिहिण्याचा, कोड मात्र आधी सिम्युलेटरवरच चालव.