मेट्रोमुळे पुण्याची मंडई संपली का? जुनं काही उरलंय का तिथे?

संपली नाही. आणि मेट्रोला कशाला दोष? खोदकाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी गिऱ्हाइकानं पाठ फिरवली होती. मी गाळ्यावर बसून बघितलंय.

गाळा आजीचा, पालेभाजीचा. ऐंशीच्या दशकात शाळेला सुट्टी लागली की पहाटे तिच्याबरोबर गुलटेकडीहून माल आणायचो. घाऊक बाजार तेव्हाच तिकडे गेलेला. ती मांडी घालून बसायची, कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओलं गोणपाट. पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकल्याशिवाय भाजी पिशवीत पडायची नाही, वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी. आठच्या सुमारास वरून उन्हाचा पट्टा यायचा, तो पायरीला टेकला की चहा.

१९९८ साली ती गेली. तेराव्यालाच दादा म्हणाला, "मंडई मेली, गाळा सोडून दे." मी नाही म्हणालो. त्यावरून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. गाळ्यावर आजही मी आणि बायको बसतो. दादा चिंचवडला, भाजी मोबाइलवरून मागवतो आणि आल्यागेल्याला सांगतो, पूर्वीची मंडई राहिली नाही. कशी राहील?

जुन्यातलं आर्यन थिएटर गेलं, मिनर्व्हा थिएटर गेलं, तिथे वाहनतळ झाले. मंडईचा गणपती, शारदा गजानन, आहे. इमारत १८८६ ची, अष्टकोनी मनोऱ्यासकट उभी आहे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे भरायचा. या इमारतीवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. आज नाव त्यांचंच आहे. लोकांना ते विचित्र वाटतं, मला योग्य वाटतं. त्यांना दगडापेक्षा माणसाची काळजी होती. इथे येणारे मनोऱ्याचे फोटो काढतात आणि मेथी न घेता जातात.

मेट्रोचं काम चालू असताना धंदा बसला होता, हेही खरं. धूळ, पत्रे, गाडी लावायला जागा नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्टेशन सुरू झालं आणि पिंपरीकडची माणसं पिशवी घेऊन येताना दिसायला लागली.

तुम्ही सकाळी या, रविवार सोडून. आत शिरलात की आधी मान वर करून बघा.

आणि दादा, वाचत असशील तर पिंपरीला मेट्रोत बसलास की आता गाडी बदलावी लागत नाही. थेट मंडईला उतरायचं. गाळा तिथेच आहे.