फ्री ०.३ जीबी, पण अव्हेलेबल ९.४: हे मेमरी लीक नव्हे

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एका ठिकाणी मांडतो. १६ जीबीचा उबुंटू सर्व्हर, त्यावर टॉमकॅट (जावाचं वेब ॲप चालवणारा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). 'फ्री' कमांडचे आकडे जीबीत ढोबळमानाने असे: एकूण १५.६, यूज्ड ४.९, फ्री ०.३, शेअर्ड ०.९, बफ-कॅशे १०.४, अव्हेलेबल ९.४. रात्रीचा बॅकअप झाला की फ्रीचा आकडा तळाला जातो. तुमचे सीनियर म्हणतात मेमरी लीक आहे, म्हणजे एखादा प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत न करता खातच चाललाय, आणि उतारा म्हणून दर तासाला 'ड्रॉप कॅशेस'मध्ये (कॅशे रिकामा करायची लिनक्सची सोय) ३ लिहिणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावलाय. रॅम ३२ करायची का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

तो क्रॉन आधी काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल लिनक्स रॅममधल्या पेज कॅशेत ठेवून देतो. पुन्हा कुणी मागितली तर डिस्कपर्यंत जायला नको. एखाद्या प्रोसेसला जागा लागली की त्यातली न बदललेली जुनी पानं कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथल्या तिथे टाकून देतो. बॅकअप म्हणजे झाडून सगळ्या फाइली वाचणं, त्यानंतर कॅशे फुगला नसता तरच नवल. तुमचा क्रॉन हा भरलेला कॅशे फेकतो, ३ लिहिल्यामुळे डिरेक्टरी आणि आयनोडची (फाइलींच्या नोंदींची) माहितीही फेकतो, आणि पुढची काही मिनिटं जो तो डिस्कच्या दारात रांग लावतो. मग तक्रार येते की सर्व्हर मध्येच स्लो होतो, आणि त्याचंही खापर लीकवर फुटतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चाचणी आणि डीबगिंग सोडून ही सोय वापरू नये, असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय.

बघायचा आकडा अव्हेलेबल, म्हणजे नव्या कामाला देता येईल अशी मेमरी. २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये हा आकडा 'मेमअव्हेलेबल' या नावाने आला. त्याआधी आम्ही फ्री आणि कॅशे यांची हाताने बेरीज करायचो आणि ती चुकायची. का चुकायची ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. ०.३ आणि १०.४ मिळून १०.७ होतात, पण अव्हेलेबल ९.४ आहे. मधले १.३ कुठे गेले? ०.९ शेअर्डमध्ये आहेत, आणि उरलेल्यातला बराचसा भाग कर्नल अडीनडीला हाताशी राहावा म्हणून मोजत नाही.

या शेअर्डवर जरा थांबतो, कारण 'कॅशेच आहे, काळजी नको' म्हणणारे इथेच फसतात. टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टीम), 'डेव्ह-एसएचएम' या तशाच डिरेक्टरीतल्या फाइली, पोस्टग्रेस डेटाबेसचे शेअर्ड बफर्स हे सगळं बफ-कॅशेच्या आकड्यात धरलेलं असतं, पण कर्नलला ते टाकून देता येत नाही. डिस्कवर त्याची प्रतच नसते. फार तर स्वॅपमध्ये (रॅमला पर्याय म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत) ढकलता येतं. एका क्लायंटच्या सर्व्हरवर 'टॉप'मध्ये एकही प्रोसेस मोठी नव्हती, सगळ्यांची बेरीज ३ जीबीच्या आत, बफ-कॅशे ११ जीबी, म्हणून सगळे निवांत. अव्हेलेबल मात्र ७०० एमबीवर आलेलं आणि रोज थोडं थोडं घसरत होतं. कॅशे रिकामा करून पाहिला तरी जेमतेम फरक. शेअर्डचा कॉलम पाहिला तर ९ जीबी. रिपोर्ट तयार करणारं एक मॉड्यूल वेगासाठी तात्पुरत्या पीडीएफ 'डेव्ह-एसएचएम'मध्ये लिहायचं आणि पुसायचं विसरायचं. हाही लीकच, फक्त कुठल्याही प्रोसेसच्या नावावर न दिसणारा. अशा वेळी तिथे 'डीयू' चालवा, तो फाइलींच्या आकारांची बेरीज देतो. 'डीएफ' (एकूण वापरलेली जागा सांगणारा) भरलेलं दाखवतंय आणि 'डीयू' रिकामं, असं झालं तर पुसलेल्या फाइली कुणीतरी उघड्या धरून बसलंय. 'एलएसओएफ +एल१' त्याचं नाव सांगेल.

आता प्रोसेसमधला लीक. तो एका स्क्रीनशॉटवरून कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा तुमच्या ओळीत तो दिसत नाही एवढंच मी म्हणेन. दर पाच मिनिटांनी मेमइन्फोमधले (कर्नलचा मेमरीचा तक्ता) मेमअव्हेलेबल, ॲनॉनपेजेस (प्रोसेसची स्वतःची मेमरी), एसएचमेम (शेअर्ड) आणि एसअनरिक्लेम (कर्नलची परत न घेता येणारी मेमरी) हे चार आकडे, आणि टॉमकॅट व मायएसक्यूएलचा आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) एका फाइलीत लिहीत जा. साधी शेल स्क्रिप्ट पुरते. किमान आठवडा जाऊ द्या, महिनाअखेरीचं बिलिंग असेल तर तेही त्यात येऊ द्या. मग पहाटे चारचे आकडे काढा, सगळे यूजर झोपलेले असतानाचे. दुपारचा उंचवटा लोड किती होता ते सांगतो; लीक आहे का ते पहाटेचा तळ सांगतो. वापराचा हा तळ रोज वर सरकत असेल, ॲनॉनपेजेस वाढत आणि अव्हेलेबल घटत असेल, तर शंका खरी. तीन-चार दिवस चढून तो सपाट झाला तर ते बहुधा इनोडीबीचा बफर पूल (मायएसक्यूएलचा स्वतःचा कॅशे) ठरवून दिलेल्या आकारापर्यंत भरण्याचं काम होतं.

जावाच्या बाबतीत आरएसएस फार फसवतो. हीप (जावा ऑब्जेक्ट जिथे राहतात ती मेमरी) एक्सएमएक्स या ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढू शकते, आणि वाढलेली जागा जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) परत देईलच असं नाही. म्हणून फुल जीसीनंतर (नको ती ऑब्जेक्ट साफ करणारी संपूर्ण फेरी) ओल्ड जनरेशन, म्हणजे हीपमधला जुन्या ऑब्जेक्टचा भाग, किती उरतं ते 'जेस्टॅट'ने पाहा. दर वेळी आधीपेक्षा जास्त उरत असेल तर 'जेमॅप'चा लाइव्ह हिस्टोग्राम (कुठल्या प्रकारची किती ऑब्जेक्ट जिवंत आहेत त्याची यादी) काढा आणि काही तासांनी पुन्हा काढून ताडून पाहा. (त्यासाठी फुल जीसी होतो, ॲप अडकतं, भर दुपारी करू नका.) हीपचा तळ सपाट असून आरएसएस चढतोय, तर माल हीपच्या बाहेर आहे: थ्रेड, मेटास्पेस (क्लासची माहिती), डायरेक्ट बफर, किंवा ग्लिबसीचे (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अरीना, म्हणजे मेमरी वाटपाचे कप्पे. ६४ बिट मशीनवर ग्लिबसी कोअरच्या आठपट अरीना करू शकतं, आणि बरेच थ्रेड असले की त्यातली तुकड्यातुकड्यांची जागा हुबेहूब लीकसारखी दिसते. 'मॅलॉक अरीना मॅक्स' हे अरीनांच्या संख्येवर मर्यादा घालणारं सेटिंग २ ठेवून रीस्टार्ट करा. आलेख चढायचा थांबला तर कोडमध्ये शोधत बसायची गरज नाही.

दुसरी कसोटी माझ्या आवडीची. टेस्ट सर्व्हरवर तोच लोड लागोपाठ दोनदा टाका. पहिल्यांदा मेमरी चढून तिथेच राहिली, दुसऱ्यांदा जवळपास तिथेच थांबली, तर ॲलोकेटरने (मेमरी वाटून देणाऱ्या कोडने) जागा राखून ठेवलीय. दुसऱ्यांदाही तेवढीच चढली तर मात्र लीक पकडायला बसा.

कधी ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) प्रोसेस मारली तर मेली तीच दोषी असं धरू नका. तो सहसा सर्वांत मोठी प्रोसेस निवडतो, म्हणजे तुमच्याकडे जावा किंवा मायएसक्यूएल. गळत असतो भलताच एखादा एजंट. चोर सोडून संन्याशाला सुळी. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) त्याच वेळी सगळ्या प्रोसेसचा तक्ता छापलेला असतो तो वाचा, पण त्यातला आरएसएस पानांत असतो, केबीमध्ये नव्हे. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर चारने गुणा.

पुढेमागे डॉकरवर (ॲप कंटेनरमध्ये वेगळं चालवणारं साधन) गेलात तर हाच घोळ पुन्हा भेटेल: कंटेनरच्या एकूण वापरात पेज कॅशेही मोजला जातो. तिथे 'मेमरी.स्टॅट'मधली ॲनॉनची ओळ पाहा.

३२ जीबी? 'व्हीएमस्टॅट'मध्ये एसआय आणि एसओ हे (स्वॅपमधून आत आणि स्वॅपमध्ये बाहेर) कॉलम दिवसभर शून्याच्या आसपास असतील तर नको. स्वॅप थोडा वापरलेला दिसतो यावर जाऊ नका, सतत ये-जा चालू आहे का ते पाहा. तेच पैसे बॅकअपच्या डिस्कवर घाला.

क्रॉन काढून आठवडा झाला की पहाटे चारचे आकडे इथे टाका. टॉमकॅटचं एक्सएमएक्स आणि इनोडीबीचा बफर पूल किती ठेवलाय तेही सांगा, प्रश्नात ते कुठे दिसलं नाही.