‘व्हिग’ म्हणजे नक्की काय, आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

तुम्ही एका अमेरिकन गुन्हेगारी मालिकेची मराठी सबटायटल्स करताय. त्यात एक पात्र म्हणतं, ‘दोन वर्षं झाली, मी नुसता व्हिग भरतोय.’ कोशात व्हिगचा अर्थ ‘जुगारातलं कमिशन’ असा सापडला, पण तो वाक्यात बसत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

तिथे कमिशन बसणारच नाही. तुमच्या वाक्यातला व्हिग म्हणजे बेकायदा सावकाराचं व्याज. तरी कोशही चूक नाही. शब्द एकच आहे, तो दोन ठिकाणी चालतो: बुकीच्या टेबलावर आणि सावकाराच्या वहीत.

पूर्ण शब्द व्हिगोरिश. मूळ रशियन ‘व्यिग्रिश’, म्हणजे जिंकलेली रक्कम. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू लोकांच्या यिडिश बोलीतून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन इंग्रजीत आला आणि तोंडातोंडी तुटून व्हिग झाला. जिंकण्याचा शब्द बुकीच्या वाट्याला कसा काय लागला, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. ते कळलं एका मित्राच्या वहीमुळे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ ला खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय बंदी उठवली आणि जूनमध्ये न्यू जर्सीत सट्टा उघडपणे सुरू झाला. मी तेव्हा जर्सी सिटीत राहत होतो. माझ्याबरोबर राहणारा मित्र अमेरिकन फुटबॉलवर पैसे लावायचा. उधळ्या अजिबात नव्हता. स्प्रिंगच्या वहीत प्रत्येक सट्टा लिहायचा, जिंकला की हिरवी खूण, हरला की लाल. दर वेळी ११० डॉलर लावायचे, जिंकलं तर ते परत आणि वर १०० मिळायचे. तिथे हाच रोजचा भाव आहे, दोन्ही बाजूंना सारखाच. एका रात्री त्याने वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, ‘हिरव्या मोज, लाल मोज, आणि सांग माझे पैसे कुठे गेले.’

हिरव्या ९६ होत्या, लाल ९४. म्हणजे तो हरण्यापेक्षा जास्त वेळा जिंकला होता. ९६ वेळा १०० म्हणजे ९,६०० आले. ९४ वेळा ११० म्हणजे १०,३४० गेले. ७४० डॉलर तोटा. त्याने तीनदा बेरीज केली होती आणि तिन्ही वेळा आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं होतं. बेरीज बरोबर होती. ११० लावून १०० मिळत असतील तर नुसतं निम्म्याहून जास्त जिंकून भागत नाही, शंभरातले ५२.३८ जिंकावे लागतात. त्याच्या १९० सट्ट्यांत त्याला १०० हिरव्या हव्या होत्या. चार कमी पडल्या.

व्हिग कोण भरतो, यावर जुगाराचा अभ्यास करणारेही भांडतात. बहुतेक जण म्हणतात, हरणारा भरतो, कारण १०० साठी त्याचे ११० जातात. मला ते पटत नाही. तुम्ही आणि मी बुकीशिवाय आपापसात पैज लावली, तर ११० ला ११० लावू. हरलो तर ११० जातील, म्हणजे बुकीकडे जातात तेवढेच. फरक जिंकणाऱ्याला पडतो. त्याला ११० मिळायला हवे होते, मिळाले १००. मित्राच्या वहीतल्या प्रत्येक हिरव्या खुणेतून १० डॉलर कापले गेले होते, एकूण ९६०. ते कापले नसते तर तो २२० डॉलर फायद्यात असता. लाल खुणांवर तो डोकं धरून बसला होता आणि पैसे हिरव्यांतून जात होते. म्हणून तो रशियन शब्द मला आता बरोबर वाटतो. व्हिग जिंकलेल्या पैशातूनच निघतो.

टक्केवारी शोधाल तर इंटरनेटवर दोन आकडे दिसतील, ४.७६ आणि ४.५५. गोंधळू नका. तोटा टाळायला दोन्ही बाजूंना लागणारे ५२.३८ मिळून १०४.७६ होतात, त्यातले शंभरावरचे ४.७६. आणि दोघांकडून ११०-११० घेतले की बुकीकडे २२० जमतात, त्यातले २१० जिंकणाऱ्याला जातात आणि १० उरतात. २२० वर १० म्हणजे ४.५५. मोजण्याच्या दोन रीती आहेत, पैसा तोच. अर्थात दोन्ही बाजूंना सारखे पैसे पडले तरच हे इतकं नीट जमतं. पडले नाहीत तर बुकीही जोखमीत असतो.

मराठी वाचकाला हे समजवायला आपल्याकडे ‘नाल’ हा चांगला शब्द आहे. पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावातून जे काढून घेतो ती नाल. माझ्या आजोळी, सांगली जिल्ह्यात, जत्रेच्या रात्री एका घराच्या मागच्या खोलीत तीन पत्ती चालायची आणि आम्हा पोरांना चहाची किटली घेऊन आत पाठवत. घरमालक खेळायचा नाही. भिंतीला टेकून बसायचा, मांडीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डाव संपला की जिंकणारा मधले पैसे ओढायच्या आधी त्यातले पाच रुपये डब्यात टाकायचा. कुणी मागायचं नाही, कुणी हुज्जत घालायचं नाही. नाण्याचा पत्र्यावर आवाज झाला की पुढची पानं वाटली जायची. सात जण प्रत्येकी पाचशे घेऊन बसले आणि तासाला वीस डाव झाले, तर सहा तासांत डब्यात सहाशे जातात. म्हणजे एका माणसाचं अख्खं भांडवल, वर शंभर. पहाटे एकमेकांकडे संशयाने बघणाऱ्या त्या माणसांपैकी डब्याकडे कुणी बघत नसे. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातले काही जण माझ्या नात्यातले होते.

१८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा (आता तो महाराष्ट्राच्या नावाने आहे) पत्त्यांच्या अड्ड्याची व्याख्या करताना हेच बघतो: जागा किंवा साधनं मालकाच्या नफ्यासाठी ठेवली आहेत का. म्हणून अशा खटल्यांत नाल घेतली की नाही याला महत्त्व येतं.

पोकरमध्ये डावातून असंच जे कापतात त्याला ‘रेक’ म्हणतात. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोंच्या जहाजांवर बॅकरा हा पत्त्यांचा खेळ खेळतात, त्यात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ अशा दोन बाजूंपैकी एकीवर पैसे लावायचे असतात. तिथे मात्र कापलेलं डोळ्यांना दिसतं. ‘बँकर’ बाजूवर लावून जिंकलात की जिंकलेल्या रकमेतून ५ टक्के कमिशन जातं. ते कापलं नाही, तर बँकरवर लावणाऱ्याचं पारडं कसिनोपेक्षा जड होईल, कारण बँकर ४५.८६ टक्के वेळा जिंकतो आणि समोरची बाजू ४४.६२ टक्के वेळा. बाकी बरोबरी. इथे ‘कमिशन’ हाच मराठी शब्द ठेवा, तो चपखल आहे.

मटक्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ आणि जोडीला रुपयाला नव्वद हा जुना भाव. आकडे दहा आणि जोड्या शंभर, म्हणजे रुपयामागे दहा पैसे भावातच राहतात. हाही व्हिगच झाला, मित्राच्या ४.५५ च्या दुपटीहून मोठा, पण त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. आणि मटक्यात ‘कमिशन’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात येतं ते चिठ्ठी फाडणाऱ्या एजंटाचं कमिशन. त्यामुळे बुकी ‘व्हिग किती?’ असं विचारत असेल तिथे सरसकट कमिशन लिहिलंत, तर मराठी वाचकाला वाटेल मधल्या दलालाबद्दल चाललंय. भावात दडलेला वाटा असेल तिथे ‘बुकीची कट’ लिहा, सगळ्यांना कळतं. संवादात ‘ज्यूस’ हा शब्द आला तर तोही हाच, रसाचा पेला समजू नका.

आता तुमचं वाक्य. बुकीकडे हरलेल्या माणसाला पैसे उसने देणारा बऱ्याचदा त्याच वर्तुळातला असतो, म्हणून शब्दही तिकडे गेला. अमेरिकेत अशा सावकारीचा एक जुना दर आहे, ‘पाचाला सहा’: आज पाच न्या, आठवड्याने सहा द्या. आठवड्याला २० टक्के. हजार डॉलर घेतले आणि मुद्दल परत देता आलं नाही, तर दर आठवड्याला २०० नुसता व्हिग. वर्षभरात १०,४०० भरून झाले तरी हजार जसेच्या तसे उभे. इथे जिंकणं-हरणं काही नाही, भाव नाही, डाव नाही. आपल्याकडे खाजगी सावकाराच्या पाशात सापडलेला माणूस हेच ज्या शब्दांत सांगतो ते शब्द तुमच्या पात्राच्या तोंडी घाला.

मी असं लिहीन: ‘दोन वर्षं झाली, नुसतं व्याज भरतोय. मुद्दल तसंच आहे.’ मुद्दलाचा उल्लेख मूळ वाक्यात नाही, पण इंग्रजी ऐकणाऱ्याला तो ‘व्हिग’ या शब्दातच ऐकू येतो, म्हणून मराठीत घालायला हरकत नाही. ओळीत अक्षरं मावत नसतील तर ‘दोन वर्षं नुसतं व्याजच भरतोय’ एवढंही पुरे. त्यातला ‘च’ मात्र काढू नका.